उठेन रे, उठेन

एलादिओ मास्तरांना दगडावर दोन शब्द कोरून हवे होते. दोनच. आमच्या पेन्यारासात माणूस पाव आणायला जातो, दुकानदारिणीशी अर्धा तास बोलतो आणि पाव तिथेच विसरून घरी येतो. अशा गावात दोन शब्दांचं काम ते काय! मास्तरांनी अंदाज बांधला, एक आठवडा. फार तर दहा दिवस. हा अंदाज त्यांनी सप्टेंबरच्या सुरुवातीला बांधला आणि ऑक्टोबर संपत आला तरी ते त्यावर ठाम होते. मास्तरांचा स्वभावच तसा.

दगड बायकोसाठी होता. ओब्दुलिया जूनमध्ये गेली. आमच्या दफनभूमीत माती कमी आणि खडक फार, त्यामुळे माणसांना भिंतीतल्या कप्प्यांत झोपवतात, एकावर एक असे चार. ओब्दुलियाला खालून दुसरा कप्पा मिळाला. गवंड्याने कप्प्याचं तोंड सिमेंटने बंद केलं आणि ते ओलं असतानाच बोटाने तिचं नाव लिहिलं, तेही एक अक्षर गाळून. अडतीस वर्षं गावाचं शुद्धलेखन तपासलेल्या माणसाची बायको, आणि तिच्याच नावात चूक! मास्तर त्या दुःखातही खिशातलं लाल पेन चाचपत होते, हे पाहणारे चार जण तरी आहेत.

आता पहिल्या नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, सगळं गाव शेवंती, बादल्या आणि ब्रश घेऊन तिथे जातं. आपापली शिळा घासून लख्ख करायची आणि शेजारच्याच्या शिळेकडे तिरक्या डोळ्याने बघायचं, हा आमचा धर्म. त्या दिवशी कप्प्यावर नुसतं सिमेंट दिसलं, तर मागे राहिलेल्या माणसाने गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. तेव्हा शिळा त्याआधी बसायलाच हवी होती.

आणि ते दोन शब्द होते, 'मे लेवांतारे.' म्हणजे, मी उठेन. पण आमच्या भाषेत नुसतं उठता येत नाही, स्वतःला उठवावं लागतं. मास्तर वर्गात टेबलावर पट्टी आपटून सांगायचे, "लक्षात ठेवा गाढवांनो, उठवणारा तोच आणि उठणाराही तोच! बाहेरून कुणी येत नाही!" मग सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा: मी उठेन, तू उठशील, तो उठेल, आम्ही उठू, तुम्ही उठाल, ते उठतील. हे उदाहरण मास्तरांनी पुस्तकातून घेतलेलं नव्हतं. ते घरचंच होतं. रोज सकाळी साडेसातला मास्तर दाढी करून, टाय बांधून पलंगाशी उभे राहून ओरडायचे, आणि गोधडीखालून आवाज यायचा, "उठेन रे, उठेन!" गावाच्या दोन पिढ्या भविष्यकाळ शिकल्या त्या ओब्दुलियाच्या आळसावर. बाईंना हे ठाऊक होतं. रस्त्यात पोरं म्हणायची, "बाई, उठलात का?" आणि बाई पदरची भर घालून सांगायच्या, "नाही रे, ही झोपेतच बाजाराला चाललेय."

इथवर सगळं गोड आहे. आता कडू सांगतो. जूनमधल्या त्या सकाळी मास्तरांनी हाक मारली, ओब्दुलिया म्हणाली, "उठेन रे, उठेन." आणि मास्तरांचं डोकं का कोण जाणे, फिरलं. ते ओरडले, "तू उठणार नाहीस! जन्मात उठणार नाहीस!" दार आपटून ते कॅफेत गेले, मुद्दाम दोन कॉफ्या प्यायले, वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचल्या आणि नऊ वाजता परतले. ओब्दुलिया पलंगावर होती. डॉक्टर म्हणाले, झोपेतच.

जन्मभर भविष्यकाळ शिकवलेल्या माणसाचा एकच भविष्यकाळ खरा ठरला, आणि तो हा. मास्तरांनी हे कुणाला सांगितलं नाही. पण शेवटचा शब्द आपला राहता कामा नये, तो तिचा असावा, दगडावर असावा, सगळ्या गावाने वाचावा, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं. म्हणून हा खटाटोप.

ते बेनिग्नो पाथरवटाकडे गेले. बेनिग्नो त्यांचाच विद्यार्थी, तीनदा नापास झालेला.

"मी उठेन," बेनिग्नोने वाचलं. "हे कोण बोलतंय, मास्तर?"

"ओब्दुलिया."

"पण बाई तर आत आहेत."

"अरे म्हणूनच!"

बेनिग्नोने छिन्नीने कान खाजवला. "मास्तर, तीस वर्षं मी शिळा कोरतोय. आपल्याकडे बोलतो तो बाहेरचा. 'तुझा नवरा आणि मुलं तुला विसरणार नाहीत.' 'तुझी बहीण तुझी वाट पाहते.' आतल्याने बोलायची पद्धत नाही. आतल्याने बोलायला लागलं, तर मग थांबायचं कुठे?"

"पद्धत मी बघतो. तू अक्षरं बघ."

आणि मास्तरांनी त्याला मजकूर लिहून दिला. आता मास्तरांना या क्रियापदाचं एकच रूप लिहिणं जमत नाही, हात थांबत नाही. त्यांनी सहाच्या सहा रूपं एकाखाली एक लिहिली आणि पहिल्याखाली रेघ मारली. बेनिग्नोने कागद घडी करून टोपीत ठेवला. "पण आधी पालिकेची मंजुरी आणा," तो म्हणाला. "मजकूर नेहमीचा नसला की लागते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर उठले आणि त्यांचं लक्ष ओब्दुलियाच्या सपातांकडे गेलं. निळ्या, लोकरीच्या, टाचेला झिजलेल्या. जूनपासून त्या तिच्या बाजूला पलंगाखाली होत्या, मास्तरांनी हलवल्या नव्हत्या. आज त्या पलंगाबाहेर होत्या. शेजारी शेजारी, नीट जुळवून, टोकं बाहेरच्या बाजूला. ओब्दुलियाने हयातीत कधी सपाता जुळवून ठेवल्या नाहीत. एक पलंगाखाली आणि दुसरी स्वयंपाकघरात, ही तिची रीत.

 मास्तरांनी त्या परत आत सारल्या आणि घसा खाकरून मोठ्याने म्हणाले, "मांजर."

मांजर होतीच. समोरच्या एतेल्विनाची, नाव दुकेसा. आमची गल्ली इतकी अरुंद की एतेल्विनाने तिच्या खिडकीतून शिंकलं, तर मास्तरांनी त्यांच्या शयनघरातून 'देव भलं करो' म्हणावं. मास्तरांनी खिडकी उघडून तक्रार केली.

"माझी दुकेसा?" एतेल्विना म्हणाली. "ती स्वतःचं खाणं खायला उठत नाही, ती तुमच्या सपाता जुळवायला येईल? मास्तर, तुम्ही रात्री जेवता ना नीट?"

पालिकेत मारिक्रूस नावाची कारकून आहे. तीही मास्तरांची विद्यार्थिनी, पण पहिल्या नंबरची, आणि ते जास्त घातक. तिने अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

"मास्तर, इथे रकाना आहे, 'मजकूर कुणाच्या वतीने'. नातलग, धर्मसंस्था किंवा पालिका. मयताचा रकाना नाही."

"मग नातलगावर खूण कर."

"पण मग 'मी' कोण? तुम्ही? तुम्ही तर उठलेले दिसता." ती खरंच अडली होती, चेष्टा करत नव्हती. "आणि दुसरं असं मास्तर, हा भविष्यकाळ आहे."

"मला सांगतेस?"

"तुम्हीच शिकवलंत, म्हणून तर कळलं. कप्प्याच्या करारात कलम आहे. जागा सोडण्याचा इरादा लेखी कळवला, की कप्पा नव्वद दिवसांत पालिकेकडे परत. आता बाई स्वतः, भिंतीवर, कोरीव अक्षरांत कळवतायत की मी उठेन. उद्या कुणी बोट ठेवलं तर मी काय सांगू? निदान तारीख तरी घाला. 'अमुक तारखेआधी नाही' असं."

मास्तरांचा चेहरा लाल झाला. "मारिक्रूस, हे क्रियापद मी तुझ्याकडून शंभर वेळा लिहून घेतलं होतं."

"एकशे वीस वेळा. म्हणूनच तर मला ते हलक्यात घेता येत नाही." तिने कागदावर शिक्का मारला: 'हरकतींसाठी पंधरा दिवस फलकावर.'

दुसऱ्या दिवशी सकाळी सपाता पलंगापासून दोन वीत पुढे होत्या. जुळवलेल्या. मास्तरांना वाटलं होतं, सरकल्याच तर दाराकडे सरकतील. माणूस उठला की दाराकडे जातो. पण त्यांची टोकं खिडकीकडे होती.

त्या रात्री झोपण्यापूर्वी मास्तरांनी दाराला आणि खिडकीला आतून कडी घातली. सकाळी कड्या जशाच्या तशा होत्या आणि सपाता आणखी एक वीत पुढे. मांजर हा विषय संपला.

फलकावर कागद लागला आणि आठव्या दिवशी हरकत आली. हरकत घेणारी एतेल्विना. तिचा नवरा फुल्हेन्सिओ अकरा वर्षांपासून ओब्दुलियाच्या अगदी शेजारच्या कप्प्यात आहे. मास्तर तावातावाने तिच्या दारात गेले.

"एतेल्विना, शेजारधर्म काही आहे की नाही?"

"आहे म्हणूनच बोलतेय. मास्तर, ओब्दुलिया माझ्या बहिणीसारखी. तिने उठावं, जरूर उठावं. पण फुल्हेन्सिओची झोप सावध. शेजारी जरा खुट्ट झालं की हा जागा, आणि जागा झाला की पहिला प्रश्न, 'जेवायला काय आहे?' अकरा वर्षं मी मनासारखं जेवतेय, मास्तर. मनासारखं."

"अगं, ते नुसतं वाक्य आहे!"

"वाक्य आहे तर मग एवढी धडपड कशाला?"

याला मास्तरांकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.  एतेल्विनाने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग आत जाऊन एका पुडीत पीठ घेऊन आली.

"हे जमिनीवर पसरा. सपाता हलतात म्हणता ना? माझी आजी असंच करायची. जो चालतो त्याचं पाऊल उमटतं. आणि पाऊल नाही उमटलं तर मला सांगू नका, मला या घरात राहायचंय."

मास्तर सुशिक्षित माणूस. असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नाही. पीठ त्यांनी अगदी पातळ, एकसारखं, कोपऱ्यापर्यंत पसरलं, ते निव्वळ शास्त्रीय कुतूहल म्हणून.

सकाळी सपाता खोलीच्या मध्यावर होत्या. आणि पिठात पावलं होती. मास्तर गुडघ्यावर बसले आणि त्यांनी चष्मा लावून पाहिलं. अनवाणी पावलं, मोठी, उजवा अंगठा आत वळलेला. तो अंगठा मास्तरांना सत्तर वर्षं ठाऊक होता. त्यांच्या बाजूने पावलं निघाली होती, पलंगाला वळसा घालून तिच्या बाजूला गेली होती, तिथून खोलीच्या मध्यापर्यंत, आणि परत.

म्हणजे उठवणारा तोच आणि उठणाराही तोच. बाहेरून कुणी येत नव्हतं. मास्तरांना आधी हायसं वाटलं, मग लाज वाटली, मग भीती. आपल्याला न विचारता आपण रोज उठतो, ही गोष्ट शिस्तीच्या माणसाला फार लागते. त्यांनी सपाता उचलल्या, जागेवर ठेवायला. उचलताना त्यांची बोटं आत गेली.

आतून त्या गरम होत्या.

मास्तरांचं पाऊल त्रेचाळीस नंबरचं, सपाता छत्तीसच्या. ते पीठ झाडत बसले. झाडून झाल्यावर पुन्हा झाडलं. एतेल्विनाने खिडकीतून विचारलं, "काय उमटलं?" तर म्हणाले, "पीठ ओलसर होतं." तिने पुढे विचारलं नाही, आणि एतेल्विनाने पुढे न विचारणं ही काही साधी गोष्ट नव्हे.

आता फादर सातुर्निनो. एतेल्विनाची हरकत धर्माशी संबंधित आहे, असं ठरवून मारिक्रूसने फाईल चर्चकडे ढकलली होती. फादर खूश झाले. "वा! मी उठेन! पुनरुत्थान! एलादिओ, इतकी वर्षं तुला मी नास्तिक समजत होतो."

"आभारी आहे, फादर. सही करा."

"करतो. फक्त एक. ही 'स्वतःला' उठवीन म्हणते ना? ते बरोबर नाही. आपण स्वतःला उठवत नाही. आपल्याला उठवलं जातं. वरून."

"फादर, भाषेत तसंच म्हणतात!"

"भाषेत म्हणत असतील. त्या अखेरच्या दिवशी प्रत्येकजण आपापला उठायला लागला तर केवढा गोंधळ होईल! रांग नको का काही?" फादर विचारात पडले. मग त्यांनी अर्जावर लिहिलं, 'धर्माची हरकत नाही. घाई नसावी.' आणि सही ठोकली.

एतेल्विनाची हरकत मिटवायला मास्तरांनी हमीपत्र लिहून दिलं. ते पालिकेच्या फाईलमध्ये अजून आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. 'माझी पत्नी उठेल तेव्हा सावकाश उठेल, आवाज करणार नाही, आणि शेजारी झोपलेल्यांना उठवणार नाही.' खाली मास्तरांची सही, साक्षीदार म्हणून मारिक्रूस. मारिक्रूसने शिवाय शिक्का तयार करून घेतला: 'सदर मजकूर जागा सोडल्याची सूचना समजू नये.' अठ्ठावीस ऑक्टोबरला मंजुरी हातात पडली.

एवढं होईपर्यंत सपाता खिडकीखाली पोचल्या होत्या. भिंतीला टेकून, टोकं बाहेर. जणू कुणी तिथे उभं राहून गल्लीत बघतंय. त्यानंतर त्या हलल्या नाहीत. मास्तर रोज सकाळी त्या पलंगाखाली ठेवत आणि दुसऱ्या दिवशी त्या खिडकीखाली. मास्तरांनी एका रात्री आपले पाय टायने पलंगाला बांधूनही पाहिले. सकाळी गाठ सुटलेली नव्हती. सपाता खिडकीखाली होत्या. मास्तरांनी गाठ सोडली, तोच टाय गळ्यात बांधला आणि कॅफेत गेले, पण कॉफी त्यांना गेली नाही.

पहिल्या नोव्हेंबरला धुकं असं होतं की दफनभूमीची भिंत जवळ जाईपर्यंत दिसत नव्हती. आधी ब्रश घासल्याचे आवाज ऐकू येत, मग माणसं. सगळं गाव आलेलं. फादर, मारिक्रूस, आणि फुल्हेन्सिओची शिळा हळूच, अगदी हळूच पुसणारी एतेल्विना. बेनिग्नोने शिळा आदल्या दिवशी बसवून वर ओलं पोतं टाकलं होतं. मास्तर काळ्या सुटात, हातात पांढऱ्या शेवंतीचा गुच्छ. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, पण मान ताठ. लोक गोळा झाले, कारण फलकावरचा कागद सगळ्यांनी वाचला होता.

बेनिग्नोने पोतं काढलं. काळी शिळा, सुरेख, खोल अक्षरं. ओब्दुलियाचं नाव, एकही अक्षर न गाळता. खाली:

'तू उठशील.
— तुझा नवरा.'

 मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. हुकूमच होता तो. चाळीस वर्षं पलंगाशी उभा राहून ओरडणारा माणूस आता कप्प्याबाहेर उभा राहून ओरडत होता, तेही कोरून.

"बेनिग्नो," मास्तर म्हणाले.  "हे काय आहे?"

"मास्तर, तुम्ही सहा पर्याय दिले होते..."

"पर्याय नव्हते ते! पहिल्याखाली रेघ होती!"

"मला वाटलं, ते शीर्षक. मी म्हटलं, मास्तरांनी निवड आपल्यावर सोपवली. आणि शिळेवर बाहेरचा आतल्याशी बोलतो. मग 'तू'च आलं की नाही? आणि खाली सही नको का? मी आजवर कुणाची सही विसरलो नाही." बेनिग्नोचा चेहरा रडवेला झाला. चौथ्यांदा नापास झाला होता बिचारा.

मास्तरांनी लाल पेन काढण्यासाठी खिशात हात घातला. हात खिशातच राहिला. आणि मग, सगळ्या गावासमोर, त्यांचे खांदे हलू लागले.

"उलट झालं," ते म्हणाले. "सगळं उलट झालं. मला तिचा शब्द हवा होता. माझा नको होता. माझा शब्द ती घेऊनच गेली. मी तिला त्या दिवशी काय म्हणालो, ठाऊक आहे? म्हणालो, तू जन्मात उठणार नाहीस. दार आपटलं. दोन कॉफ्या प्यायलो. आणि ती नाही उठली! माझं ऐकलं तिने. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं!"

धुक्यात कुणाचा तरी ब्रश खाली पडला. फादरांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. एतेल्विना पुढे आली. हातातलं फडकं ती पिळत होती, पाणी संपलं तरी पिळत होती.

"मास्तर," ती म्हणाली, "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"तुम्ही ओरडलात ते. खिडकी उघडी होती. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे." तिने फडकं बादलीत टाकलं. "आणि ती उठली होती."

मास्तरांनी वर पाहिलं.

"तुम्ही दार आपटून गेलात आणि ती उठली. मी समोर कपडे वाळत घालत होते. खिडकीशी येऊन उभी राहिली, तुम्ही पाय आपटत कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिली. हसत होती हो. मला म्हणाली, 'गेला बघ फुगून. आता दोन कॉफ्या पिईल. तोवर मी दहा मिनिटं निवांत पडते.' आणि गेली आत. बस्, एवढंच."

"खिडकीशी?" मास्तरांनी विचारलं. "उभी होती? खिडकीशी?"

"तिथेच, म्हटलं ना. निळ्या सपाता घालून."

"तू हे मला पाच महिने सांगितलं नाहीस!"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि तुम्ही गेल्यावर ती 'निवांत' म्हणाली, हे मी विधुर माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं?" एतेल्विना रडायला लागली. "त्या दिवशी पीठ देताना सांगणारच होते."

 मास्तर सपातांचा विचार करत होते. कोण त्या वीत वीत सरकवत होतं, कुणाच्या पायांनी, आणि ती कुठे उभी होती हे त्यांना ठाऊकच नसताना नेमक्या तिथे त्या कशा पोचल्या. त्यांच्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी, सांगायला विचित्र वाटेल, त्यांना हसू आलं.

"मास्तर, मी शिळा बदलून देतो," बेनिग्नो म्हणाला. "नाहीतर सही आत्ता घासून काढतो. हत्यारं आणलीत."

"सही काढ," मास्तर म्हणाले. "बाकी राहू दे."

बेनिग्नोने तिथेच बसून सही घासली. 'तू उठशील,' एवढंच उरलं. कोण कुणाला म्हणतंय, ते आता कळत नाही. जो समोर उभा राहून वाचेल त्यालाच ते म्हटल्यासारखं वाटतं, आणि आमच्या गावातली बरीच माणसं हल्ली त्या रांगेपुढून भरभर जातात. मारिक्रूसने बदललेल्या मजकुरासाठी नवा अर्ज भरायला सांगितलं आहे. तो अजून आलेला नाही.

मास्तर घरी आले. त्यांनी निळ्या सपाता पलंगाखाली ठेवल्या आणि आपल्या त्यांच्याशेजारी ठेवल्या, जुळवून. झोपण्यापूर्वी खिडकी उघडी ठेवली.

दुसऱ्या दिवशी, सर्व मृतात्म्यांच्या सणाच्या सकाळी, साडेसात वाजले, आठ वाजले, मास्तरांचं दार उघडलं नाही. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. कॅफेवाल्याने त्यांची कॉफी दोनदा केली आणि दोनदा ओतून टाकली. नऊ वाजता एतेल्विना दारात, तिच्यामागे पाववाली, फादर, धापा टाकत आलेला बेनिग्नो, हातात छिन्नी. चर्चची घंटा वाजवणाऱ्याला तर कुणीतरी निरोपही धाडला होता की पुरुष गेला तर किती ठोके द्यायचे ते आठवून ठेव.

एतेल्विनाने दार बडवलं. "मास्तर! अहो मास्तर! उठा!"

आत सामसूम होती. बेनिग्नोने छिन्नी कुलपात घातली. एतेल्विना पुन्हा ओरडली, "मास्तर, उठा हो! नऊ वाजले!"

तेव्हा वरच्या उघड्या खिडकीतून, गोधडीखालून आल्यासारखा, झोपेने जड झालेला आवाज आला, "उठेन गं बाई, उठेन! दहा मिनिटं पडू दे निवांत."

सगळे हसायला लागले. पाववाली तर पायरीवरच बसली. फादर म्हणाले, हा देवाचा आशीर्वाद. बेनिग्नोने छिन्नी खिशात घातली आणि सगळे आपापल्या कामाला गेले.

एकटी एतेल्विना तेवढी हसली नाही. ती घरात गेली, तिने आपली खिडकी घट्ट लावली आणि त्या दिवशी जेवली नाही. अजूनही कुणी विचारलं की ती छातीवर क्रूस काढून सांगते, की पहिलं वाक्य मास्तर म्हणाले, ते तिला मान्य आहे. पण ते दहा मिनिटांचं मास्तर म्हणाले नाहीत.